रोल पोस्टात टाकल्यावर

डिसेंबर 2010 संपत आला असताना एक रेल्वे कामगार आर्कान्सासहून गाडी चालवत कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावी पोचला. गाव जेमतेम दहा हजार वस्तीचं, रेल्वेच्याच आधाराने वाढलेलं. पण त्याचं काम रेल्वेत नव्हतं, ते होतं 'ड्वेन्स फोटो' नावाच्या लॅबमध्ये. तिथे धुवायला दिलेले त्याचे रोल तयार झाले होते. एकूण रोल 1,580, बिल 15,798 डॉलर. त्यातून निघालेल्या सुमारे 50,000 स्लाइड्सवर आगगाड्याच आगगाड्या होत्या. इतके रोल त्याने आधी का धुवून घेतले नाहीत, असा प्रश्न फिल्मवर फोटो काढलेल्या माणसाला पडणार नाही. धुण्याचा खर्च नेहमीच पुढच्या महिन्यावर ढकलता यायचा. आता मात्र पुढचा महिनाच उरला नव्हता.

कोडॅक्रोम ही फिल्म कोडॅकने 2009 मध्ये बंद केली होती. जगभर जे रोल अजून कॅमेऱ्यांत, कपाटांत, फ्रिजमध्ये पडून होते, ते धुणारी लॅब मात्र एकच उरली होती. एके काळी अशा लॅब पंचवीसच्या आसपास होत्या. एकेक करत त्या मिटत गेल्या. स्वित्झर्लंडमधली लोझानची लॅब 2006 मध्ये बंद झाली आणि युरोपातले रोलही समुद्र ओलांडून पार्सन्सला येऊ लागले. 30 डिसेंबर 2010 नंतर आलेला रोल घेणार नाही, असं ड्वेन्सने आधीच सांगून ठेवलं होतं. शेवटच्या आठवड्यांत रातोरात पोचणाऱ्या कुरिअरची हजारो पाकिटं तिथे येऊन पडली. काहींचा पोस्टावर भरवसा नव्हता, ते स्वतःच आले. लंडनची एक कलावंत तीन रोल द्यायला आणि मुदत संपण्याआधी तिथेच आणखी काही रोल काढायला विमानाने आली.

हा सगळा खटाटोप एका फिल्मसाठी का, याचं उत्तर तिच्या रसायनात आहे. साध्या रंगीत फिल्मच्या थरांतच रंग तयार करणारी द्रव्यं घातलेली असतात. योग्य औषधं मिळाली की गल्लीतली लॅबही ती धुऊ शकते. कोडॅक्रोमचे थर मुळात कृष्णधवल. निळसर, पिवळा आणि किरमिजी हे तिन्ही रंग धुताना, एकामागून एक, बाहेरून चढवावे लागायचे. यंत्र मोठं, टप्पे पुष्कळ, तापमानात थोडीही चूक चालत नसे. त्यामुळे फोटो हिमालयात काढलेला असो की परसातल्या जास्वंदीचा, रोल पाकिटात घालून दूरच्या लॅबकडे पाठवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ही फिल्म शोधणारे लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की हे दोघे व्यवसायाने वादक होते. डार्करूमच्या मिट्ट काळोखात घड्याळ दिसत नसे, म्हणून ते ब्राम्सच्या सिंफनीतला एक भाग शिटीवर वाजवून फिल्म औषधात किती वेळ ठेवायची ते मोजत.

कोडॅकने बनवलेला अगदी शेवटचा कोडॅक्रोम रोल छायाचित्रकार स्टीव्ह मकरी यांच्याकडे गेला. फ्रेम फक्त 36. हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा त्यांचा 1984 मधला प्रसिद्ध फोटो याच फिल्मवरचा. या शेवटच्या रोलच्या काही फ्रेम त्यांनी मुंबईत काढल्या. अमिताभ बच्चन त्यातलेच. काही राजस्थानातल्या राबारी समाजातल्या माणसांच्या आहेत. शेवटी हा रोल त्यांनी पोस्टाच्या हवाली केला नाही. 2010 च्या जुलैत ते स्वतः तो घेऊन पार्सन्सला गेले. जगभर हिंडलेल्या छायाचित्रकारालाही तो पाकिटात टाकवला नाही, यातच या व्यवहाराचं मर्म आहे.

कारण रोल पाठवणारा माणूस जे पाठवायचा, ते त्याने स्वतःही पाहिलेलं नसायचं. पत्र हरवलं तर पुन्हा लिहिता येतं, मनीऑर्डर हरवली तर पैसे परत मागता येतात. न धुतलेल्या रोलची मात्र दुसरी प्रत कुठेच नसते. वाढदिवस होऊन गेलेला, आजी गावी परतलेली, समुद्रकिनारा हजार मैल मागे राहिलेला. ते सगळं एका छोट्या डबीत भरून अनोळखी माणसाच्या हाती द्यायचं आणि वाट पाहायची. या धंद्यात लोकांनी वरकरणी पैसे दिले ते धुण्याचे आणि छापण्याचे. खरं तर ते सांभाळण्याचे होते.

या व्यवहाराची सुरुवात 1888 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर इथे झाली. जॉर्ज ईस्टमन यांनी 25 डॉलरला जो कोडॅक कॅमेरा विकायला काढला, त्यात 100 फोटोंचा रोल आधीच भरलेला असे. रोल संपला की ग्राहकाने अख्खा कॅमेराच कारखान्यात पाठवायचा, सोबत 10 डॉलर. फोटो धुवून, छापून, कॅमेऱ्यात नवा रोल भरून सगळं परत घरी. तुम्ही फक्त बटण दाबा, बाकी आम्ही बघतो, अशी कोडॅकची जाहिरात होती, आणि ती खरी होती. फोटो यायचे ते गोल, अडीच इंचांच्या आसपास व्यासाचे. किती फोटो काढले हे कॅमेरा सांगत नसे, त्यामुळे वहीत आकडा मांडून ठेवावा लागे. काच, औषधं, काळा पडदा यांची दगदग सामान्य माणसामागून सुटली ती पोस्टामुळे. कॅमेऱ्याच्या इतिहासात भिंगांवर पानंच्या पानं खर्च होतात. पोस्टमनच्या वाट्याला त्यातली निदान काही यायला हवीत.

कोडॅक्रोमच्या काळात ग्राहकाच्या घरी परत यायची ती पिवळी डबी. आत पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेल्या स्लाइड्स. त्या पुठ्ठ्यावर बारीक अक्षरांत महिना आणि वर्ष उठवलेलं असायचं. ती तारीख फोटो काढल्याची नसे, लॅबमध्ये धुतल्याची असे. आज अमेरिकेतल्या घराघरांत जुन्या डब्या उघडल्या जातात तेव्हा ती बारीक तारीख बरंच काही सांगून जाते. ख्रिसमसच्या झाडाखाली बसलेली मुलं आणि पुठ्ठ्यावर मे महिना. म्हणजे रोल पाच महिने कॅमेऱ्यातच होता. उरलेल्या फ्रेम वाया जाऊ नयेत म्हणून कुणी तरी वसंतातल्या सहलीची वाट पाहिली होती. त्याच डबीत पुढे बागेतली फुलं निघतात, मुलांच्या अंगावर हाफपँट दिसते. एका रोलमध्ये दोन ऋतू. हा काटकसरीचा हिशेब फोटोत कुठेच नाही, तो पुठ्ठ्यावरच्या शिक्क्यात आहे. अंधारात नीट ठेवलेल्या कोडॅक्रोमचे रंग इतर बहुतेक रंगीत फिल्मपेक्षा कितीतरी जास्त टिकतात, म्हणून त्या मुलांचे लाल स्वेटर अजून लाल आहेत.

बराच काळ या फिल्मच्या किमतीतच धुण्याचे पैसे धरलेले असत. म्हणजे फिल्म कोडॅकची आणि ती धुणारीही कोडॅकच. 1954 मध्ये अमेरिकी सरकारने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली कंपनीला ही सांगड तोडायला लावली आणि दुसऱ्या लॅबना वाट मोकळी झाली. ड्वेन स्टाइनल यांनी 1956 मध्ये पार्सन्समध्ये आपलं दुकान काढलं.

वाट मोकळी झाली तशी गिऱ्हाईक बांधून ठेवण्याच्या नव्या युक्त्याही निघाल्या. 'सिॲटल फिल्मवर्क्स' ही कंपनी जवळपास फुकटात रोल पाठवायची. एकाच रोलवरून कागदी फोटो आणि स्लाइड्स, दोन्ही मिळतील, असं आकर्षण होतं. लोकांनी उत्साहाने रोल घेतले. पण आत भरलेली असायची सिनेमाची निगेटिव्ह फिल्म. तिच्या पाठीवर काजळीसारखा काळा थर असतो. नेहमीच्या लॅबच्या यंत्रात ती घातली तर तो थर सुटून औषध नासतं, इतरांचे रोलही खराब होतात. त्यामुळे गावातला लॅबवाला हात लावायला तयार नसे आणि ग्राहकाला रोल पुन्हा सिॲटललाच पाठवावा लागे. ऑर्डरसोबत नवा रोल यायचा आणि चक्र पुढे चालू. फोटो वाईट यायचे असं नाही. पण आपण कुठल्या फिल्मवर आपल्या मुलांचं बालपण टिपतो आहोत हे माणसाला ठाऊक असायला हवं, ही अपेक्षा अवाजवी नव्हती. या कंपनीचे न धुतलेले रोल आजही जुन्या सामानात सापडतात आणि सिनेमाची फिल्म धुणारी लॅब शोधत बसावं लागतं.

आणि रोल हरवला तर?

जवळपास प्रत्येक लॅबच्या पाकिटावर बारीक टायपात एक ओळ छापलेली असायची. फिल्म हरवली किंवा बिघडली तर तेवढीच कोरी फिल्म बदली दिली जाईल, याहून जास्त जबाबदारी आमची नाही. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एका वकिलाने 1970 च्या युरोप प्रवासात काढलेले 18 रोल धुवायला दिले. 14 परत आले, चार आलेच नाहीत. खालच्या न्यायालयाने हजार डॉलरांहून थोडी जास्त भरपाई दिली. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि 1982 मध्ये निकाल लागला की पाकिटावरची अट बंधनकारक आहे. हा माणूस स्वतः वकील, अट त्याला माहीत होती, तरी त्याने रोल दिले. चार कोऱ्या रोलची किंमत म्हणून त्याच्या हाती पडले 13 डॉलर 60 सेंट.

याच सुमाराला इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या न्यायालयात असाच खटला उभा राहिला होता. एकाने मित्राच्या लग्नाचे फोटो काढले होते, भेट म्हणून द्यायला. धुताना त्यातले बहुतेक हरवले. कंपनीने पाकिटावरची अट पुढे केली. 1981 मधल्या निकालात न्यायाधीशांनी ती रास्त मानली नाही. त्यांनी 75 पौंड भरपाई दिली. स्वस्तात, जोखीम ग्राहकाची, अशी एक सेवा आणि थोडे जास्त पैसे घेऊन अधिक काळजीची दुसरी, असे दोन पर्याय कंपनीला ठेवता आले असते, असं त्यांचं म्हणणं. निवडायला पर्यायच नसेल तर ग्राहकाने अट मान्य केली याला अर्थ काय?

दोन्ही निकाल शेजारी ठेवले तर एक्सेटरचे न्यायाधीश बरोबर वाटतात. लाखो रोल धुणाऱ्या लॅबने प्रत्येक हरवलेल्या रोलमागे आयुष्याची भरपाई द्यावी, असं कुणीच म्हणत नाही. तसं झालं तर धुण्याचे दर परवडणारच नाहीत. पण ज्याच्या पाकिटात लग्न आहे आणि ज्याच्या पाकिटात मांजराचे फोटो आहेत, त्या दोघांना निदान वेगळी वाट दाखवणं लॅबला शक्य होतं. 75 पौंडांत लग्न परत आलं नाहीच. तरी हरवलं ते फिल्मपेक्षा मोठं होतं, एवढं तरी एका न्यायालयाने लेखी मान्य केलं.

धास्ती फक्त लॅबची नव्हती. 2001 च्या शरदात अमेरिकेत पत्रांतून अँथ्रॅक्सची पूड पाठवली गेली. त्यानंतर वॉशिंग्टनच्या सरकारी कार्यालयांकडे जाणाऱ्या टपालावर किरणांचा मारा करून ते निर्जंतुक करायला सुरुवात झाली. त्या किरणांनी न धुतलेली फिल्म पार वाया जाते. मारा मोजक्याच टपालावर होता, पण फिल्म पोस्टात टाकणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात गोळा आला. आज विमानतळांवरच्या सीटी पद्धतीच्या तपासणी यंत्रांमुळे तीच काळजी पुन्हा आहे. 'न धुतलेली फिल्म, एक्स-रे करू नये' अशी चिठ्ठी लोक पाकिटावर चिकटवतात.

महाराष्ट्रात घरच्या फोटोंचा हा व्यवहार सहसा हातोहातच झाला. रोल संपला की चौकातल्या स्टुडिओत टाकायचा, पावती पाकिटात ठेवायची, दोन दिवसांनी विचारायला जायचं. फोटो जळाले असतील तर स्टुडिओवाले काका स्वतःच मान हलवून सांगायचे, कॅमेऱ्याचं झाकण मध्येच उघडलंत ना. भांडायला समोर माणूस होता, आणि तो आपल्या बारशापासून फोटो काढणारा होता. आता उलट झालं आहे. असे स्टुडिओ रंगीत फिल्म धुणं कधीच थांबवून बसले आहेत. त्यामुळे हौसेने पुन्हा फिल्म वापरणारी कोल्हापूर-नाशिककडची मुलं मोठ्या शहरांतल्या मोजक्या लॅबकडे कुरिअरने रोल पाठवतात. रोल पाठवल्यावर घरी बसून पार्सल कुठवर पोचलं ते फोनवर पाहत राहणं हा अनुभव इकडे नवा आहे, आणि रॉचेस्टरच्या त्या पहिल्या गिऱ्हाइकांना तो लगेच ओळखू आला असता.

बदललं आहे ते पुढचं. पूर्वी पाकिटातून फोटो आणि निगेटिव्ह एकत्र यायचे. आता लॅबकडून आधी स्कॅन येतात, फोनवर, त्या फिरवल्या जातात, आवडतात, आणि पुष्कळ ग्राहकांना तिथेच काम संपल्यासारखं वाटतं. निगेटिव्ह परत हवी का, या प्रश्नापुढची चौकट रिकामी राहते. परतीचा टपालखर्च वाचतो, आणि ठरलेली मुदत संपली की लॅब त्या पट्ट्या टाकून देते. इंडियानाच्या वकिलाचे चार रोल कुणाच्या तरी हलगर्जीपणाने गेले. इथे मात्र मूळ वस्तू शाबूत असताना, मालकाच्याच संमतीने केराच्या डब्यात जाते. स्कॅन कितीही चांगली असली तरी ती त्या दिवशीच्या यंत्राने काढलेली नक्कल आहे. उद्या अधिक चांगलं यंत्र येईल, तेव्हा त्यात घालायला पट्टी लागेल. अर्ज भरताना ती चौकट भरावी आणि परतीच्या पाकिटाचे जे काही पन्नास-शंभर रुपये होतील ते द्यावेत.