तालमीतला फुटबॉल

आमच्या दुधनीत फुटबॉलमागे धावणारा मुलगा दिसला, तर तो वाट चुकला आहे असेच लोक समजतात. इथे अडत बाजारात तुरीच्या पोत्यांवर हिशेब चालतात, कानडी आणि मराठी एकाच वाक्यात सुखाने नांदतात, आणि जत्रेत शोभते ती कुस्ती. तरीही माझ्या शाळेत एक फुटबॉल आहे. तो मीच कोल्हापूरहून आणला. हे पुण्य की पाप, ते अजून ठरायचे आहे.

कोल्हापूर माझे आजोळ. मे महिन्याच्या सुट्टीत आईबरोबर मी मामांकडे जाई. आठ-नऊ वर्षांचा असताना मामा म्हणाले, "चल, आज आपल्या तालमीची मॅच हाय." मी शाहू स्टेडियममध्ये शिरलो तो कुस्ती पाहायला. पाहतो तर बावीस जण एका चेंडूमागे! लाल माती कुठे, लंगोट कुठे, असे मी विचारीत सुटलो. मामांना इतके हसू लोटले की आपल्याच संघाचा गोल त्यांचा पाहायचा राहिला. त्याचा राग पुढे कित्येक वर्षे माझ्यावर निघत असे.

पण चूक सर्वस्वी माझी नव्हती. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, 1912 साली खासबागेचे मैदान उभे राहिले, आणि पेठापेठांतून तालमी घुमू लागल्या. पुढे त्याच तालमींच्या पोरांनी फुटबॉल उचलला. 1940 साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन निघाली. तिच्या लीगमध्ये आजही पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा अशा तालमींचे संघ उतरतात. हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि पाऊस येईपर्यंत शहराला दुसरा विषय नसतो.

मुंबईत कूपरेजवर गिरण्यांचे आणि कंपन्यांचे संघ खेळत. खेळाडूला नोकरी मिळे. गोव्यात धेंपो, साळगावकर अशा उद्योगघराण्यांनी संघ पोसले. पण ज्याने पोसले, त्याला हात आखडताही येतो. महिंद्रा युनायटेड 2010 साली बंद झाला. धेंपो आणि साळगावकर 2016 साली राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. कोल्हापुरात मालक एकच, ती पेठ. आणि पेठ काही बंद करता येत नाही. मामा हे छाती फुगवून सांगत. मलाही ते पटले होते.

मग आमचा दादा, म्हणजे माझा मामेभाऊ, तालमीच्या संघात आला. पगार? छे! बूट, जर्सी, सरावानंतर दूध-अंडी, आणि सामना जिंकला तर एखाद्या हौशी दुकानदाराने पुकारलेले बक्षीस. पोटासाठी दिवसा उद्यमनगरात लेथवर उभे राहायचे. दुसऱ्या एका पेठेने जास्त पैसे देऊ केले, तेव्हा मामी हळूच म्हणाली, "जा की." दादा दोन दिवस जेवला नाही, पण गेलाही नाही. "गल्लीत तोंड कुठं दाखवू?" एवढेच त्याचे म्हणणे.

पुढच्याच हंगामात त्याचा गुडघा गेला. शस्त्रक्रियेचा आकडा ऐकून मामी मटकन खाली बसली. पण पेठ उठली. भाजीवालीने दिले, रिक्षा स्टॉपने दिले. ज्या संघाशी खेळताना तो पडला, त्या संघाची पोरेही खाली मान घालून पाकीट देऊन गेली. त्या रात्री मामा रडले. त्यांना रडताना मी तेवढेच पाहिले.

गुडघा बरा झाला, पण लेथवर आठ तास उभे राहणे काही जमेना. पुढल्या हंगामात त्याची दहा नंबरची जर्सी दुसऱ्या पोराने घातली, आणि त्याच गल्लीने त्याच्यासाठी तशीच हलगी वाजवली. मामा दोन वर्षे मैदानाकडे फिरकले नाहीत. दादा मात्र पहिल्या सामन्यापासून जाऊन बसे. "आबा, पेठेनं गुडघा दिला. जन्मभर भाकरी देईन असं तिनं कधी म्हटलं हुतं?" असे तो बापाला समजावी. आज तो टेम्पो चालवतो आणि पहाटे लहान पोरांना शिकवतो.

मध्यंतरी काळ पालटला. तालमींच्या संघांतून नायजेरियाचे खेळाडूही खेळून गेले, मानधन आले. 2017 साली भारतात सतरा वर्षांखालचा विश्वचषक झाला, त्यात कोल्हापूरच्या एका रिक्षावाल्याचा मुलगा, अनिकेत जाधव, भारताकडून खेळला. ही गोष्ट मीच वर्गात रंगवून सांगितली. माझी चूक झाली असेल तर ती तिथे.

कारण यंदा दहावीतला एक मुलगा माझ्यापुढे उभा राहिला. बाप बाजारात हमाल. पोरगा वाऱ्यासारखा पळतो. "सर, कोल्हापुरात खेळायचे पैसे देतात काय?"

मला उत्तर सुचेना. अनिकेतची गोष्ट सांगितली होती. दादाची सांगितली नव्हती. त्या दिवशी तीही सांगितली. ऐकून त्याने विचारले, "मग दादा अजून मैदानावर का जातात?"

रात्री मी दादाला फोन केला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आण त्याला दिवाळीत. सराव बघू दे. दहावी झाली की इथं आयटीआयला घालू. आधी हातात काम, मग पायात बूट. माझं उलटं झालं."

मुलाचा बाप कबूल झाला, पण त्याने मला बजावले, "गुरुजी, पोरगं तुमच्या भरवशावर." हे वाक्य गेले आठ दिवस मला झोपू देत नाही. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही निघतो आहोत, सोलापूरपर्यंत रेल्वेने आणि पुढे एसटीने. मामीने एक माणूस वाढला म्हणून चकल्या जास्त तळल्यात, असा निरोप आहे. मुलाने शाळेचा फुटबॉल बरोबर घेऊ का म्हणून विचारले. मी म्हटले, घे. आणि दहावीची पुस्तकेही घे.