शिखरजीची बॅग भरताना



माहूरच्या बाईला वारा नवा नाही. डिसेंबरात दत्तशिखरावर उभं राहिलं तर दोन्ही हातांनी पदर धरावा लागतो. त्याच भरवशावर बारा वर्षांपूर्वी आम्ही दोघं सम्मेद शिखरजीला गेलो. सुती पोलक्यावर जाड स्वेटर घातला आणि पहाटे तीनला मधुबनहून चढायला लागले. चढताना पोलकं घामानं भिजलं. वर वारा लागला आणि तेच ओलं कापड अंगाला बर्फासारखं चिकटलं. वंदना केली, पण दात वाजत होते.

गेल्या पौषात पुन्हा योग आला. हे म्हणाले, "माझे गुडघे आता साथ देत नाहीत, आणि डोलीत दुसऱ्याच्या खांद्यावर बसून मला जायचं नाही. तू जा. माझा कॅमेरा ने आणि वरची पहाट घेऊन ये."

म्हणून या वेळी बॅग भरायला आठ दिवस घेतले. बी.कॉम.ची सवय, आधी यादी आणि मग वजन! नऊ किलोमीटर चढ, नऊ वरची फिरती, नऊ उतार. सत्तावीस किलोमीटर आपलं ओझं आपणच वाहायचं. अंगालगत घाम लवकर सुकेल असा पातळ थर, त्यावर लोकरी स्वेटर, सगळ्यांत वर वारा अडवणारं जॅकेट. चढताना जॅकेट काढायचं, टोंकेपाशी थांबलं की लगेच घालायचं. कानटोपी आणि मोज्यांचा एक कोरडा जोड वेगळा ठेवला.

जॅकेट घरात होतंच. मुलानं कॅनडाहून आईसाठी मुद्दाम पाठवलेलं, हलकं आणि उबदार. सवयीनं आतली चिठ्ठी वाचली: ८० टक्के डाउन, २० टक्के फेदर. डाउन म्हणजे बदकांची, हंसांची पोटाकडची मऊ पिसं. ती बहुतेक कत्तलीनंतरच काढतात. जिथून वीस तीर्थंकर मोक्षाला गेले, तिथे मी ती अंगावर घालून कशी जाऊ? पण लेकाला सांगणं त्याहून अवघड होतं. दोन दिवस फोन टाळला, मग सांगितलं. तो गप्प झाला. "आई, मी चिठ्ठी बघितलीच नाही गं." थोड्या वेळानं म्हणाला, "माझंही तसलंच आहे." उपदेश ओठांवर आला होता, तो गिळला. उणे वीसमध्ये रोज कामावर तो जातो, मी नाही.

नांदेडला पॉलिस्टरच्या भरावाचं जॅकेट मिळालं. थोडं जड, पण दमट झालं तरी ऊब देणारं.

कॅमेऱ्याचं कव्हर आणि पट्टा चामड्याचे होते. ह्यांनी स्वतःच ते काढून ठेवले. मी जुन्या गोधडीची पिशवी शिवली आणि पट्टा सुती नाडीचा केला. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादाची बॅटरी स्वेटरच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवली. तिपाई नेली नाही, वाऱ्यात ती थरथरते. भिंतीवर कोपर टेकले की काम भागतं. खोलीत परतल्यावर कॅमेरा लगेच उघडायचा नाही. बंद प्लास्टिकच्या पिशवीत तासभर राहू द्यायचा, नाहीतर भिंगावर दव धरतं.

गौतम स्वामींच्या टोंकेपाशी उजाडलं. आधी हात जोडले, मग कॅमेरा काढला. चार फोटो घेतले आणि तो पिशवीत ठेवून दिला. या वेळी दात वाजले नाहीत. वंदना शांतपणे झाली.

घरी ह्यांनी ते फोटो मोठे करून करून पाहिले. म्हणाले, "वारा दिसतोय गं यात." माझी ओढणी एका कोपऱ्यात उडत आली होती.

मुलाचं जॅकेट अजून कपाटात आहे. घालवत नाही, कुणाला द्यायचं तर तेही मनाला पटत नाही. तुम्ही काय केलं असतं?