काळं लोखंड आणि नववीचा वर्ग

सोलापूर–तुळजापूर रस्त्याला तामलवाडीच्या आसपास पेरणीच्या तोंडावर घिसाड्यांची पालं पडतात. खुरपी, विळे, शेवटायला, म्हणजे टोक काढायला, आलेल्या पहारी. बाई घण मारते, पुरुष सांडशीत लोखंड फिरवतो आणि शाळेतून परतणारी पोरं दप्तरासकट तिथंच उभी राहतात. मी शिल्पनिदेशक म्हणून लोहारकाम शिकवत आलो. ही भट्टी शाळेच्या कार्यशाळेत आली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

वाट नवी नाही. हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला आणि हाताने काम करत शिकण्याचा मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम शाळांत नेला. मुलं वेल्डिंग करतात, बांधकाम करतात, गावची कामं करून देतात. भट्टीचं नाव काढलं की मात्र मुख्याध्यापक आगीला घाबरतात.

भीती खोटी नाही, पण ती चुकीच्या जागी आहे. लालभडक लोखंडाला कुणी हात लावत नाही. भाजतं ते काळं पडलेल्या लोखंडाने. लाली साधारण 500–600 अंशांखाली दिसेनाशी होते. 300 अंशांवरचा गज थंड गजासारखाच दिसतो. त्यात आमच्याकडचं ऊन असं, की उघड्यावर मंद लालीही काळीच वाटते. म्हणून भट्टी सावलीत हवी, दोन्ही बाजू मोकळ्या हव्यात. कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड कोंडता कामा नये. जमिनीवर चुन्याचं रिंगण आखायचं. रिंगणातली प्रत्येक वस्तू तापलेली आहे असंच धरायचं. उचलण्याआधी हाताची मागची बाजू जवळ न्यायची, झळ लागते का पाहायचं.

दुसरा धोका गणवेशाचा. टेरिकॉटवर ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटतं. सुती कपडे, बंद चामडी बूट, डोळ्यांना चष्मा, वेणी बांधलेली, ओढणी काढून ठेवलेली. यात सवलत नाही. ऐरण मुलाच्या मुठीच्या उंचीला हवी, बुटक्या मुलाच्या पायाखाली फळी द्यावी. ऐरणीवर एका वेळी एकच मूल आणि भात्याजवळ कायम एक मोठं माणूस.

मुलं भंगार आणतात, तिथं फार जपावं. जीआय पाइपवरचं जस्त 907 अंशांना उकळतं. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. मोटारसायकलचा बंद शॉकॲब्सॉर्बर भट्टीत घातला तर फुटतो. पहिल्या दिवशी साधा 8 मिलिमीटरचा गज द्यावा.

त्याच्याही आधी माती. ओल्या चिकणमातीची कांडी हातोडीने ठोकली की कड कशी दबते, टोक कसं निघतं, हे मुलं न भाजता शिकतात. मग गज. नारिंगी–पिवळा झाला की बाहेर काढायचा, चार-पाच घाव घालायचे. गर्द लाल झाला की थांबून पुन्हा भट्टीत. त्याखाली ठोकत राहिलं तर हातोडी उसळते आणि मनगट दुखतं. तासाभरात दावणीला लावता येईल असा आकडा तयार होतो. तो हातात घेतलेल्या मुलीचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

भाजलंच तर वीस मिनिटं वाहतं गार पाणी, मग दवाखाना. टूथपेस्ट, शाई, काहीही लावायचं नाही. एवढं कागदावर लिहून भट्टीशेजारी चिकटवून ठेवावं.

मुख्याध्यापकांना एकच विनंती: पालावरच्या घिसाडी जोडप्याला वर्गात बोलवा, योग्य मानधन द्या आणि मुलांसमोर त्यांना गुरुजी, बाई म्हणा. जाणकार मोठी दोन माणसं मिळत नसतील, तर त्या दिवशी भट्टी पेटवू नका.