शिरोरेषा

या विकारास बोलभाषेत 'डोळ्याचा पडदा सरकणे' म्हणतात, आणि वैद्यकीय परिभाषेपेक्षा ही बोलभाषाच अधिक नेमकी आहे. ओलीने भिंतीवरचा पोपडा सुटावा, तसे दृष्टिपटल आपल्या मागच्या आधारापासून सुटते. त्याला पडलेल्या छिद्रातून द्रव मागे शिरत राहतो आणि पाहणाऱ्याला एका बाजूने काळी सावली चढत आल्यासारखी दिसते. वेदना मात्र मुळीच नसते. म्हणूनच बंगळूरच्या मल्लेश्वरम भागात राहणाऱ्या एका निवृत्त मराठी प्राध्यापकांनी दोन दिवस त्या सावलीचा दोष चष्म्याच्या काचेला दिला. तिसऱ्या दिवशी ती पीतबिंदूपर्यंत, म्हणजे वाचणाऱ्याच्या ऐन मर्मस्थानापर्यंत, पोहोचली. त्यांचा दुसरा डोळा लहानपणापासून अधू. जे काही वाचायचे ते याच डोळ्याने.

शतकापूर्वी अशा रुग्णास आठवडेच्या आठवडे निश्चल निजवून ठेवण्यापलीकडे वैद्यांच्या हाती फारसे काही नव्हते. छिद्र हेच विकाराचे मूळ होय, असे मानून ते डागून बुजविण्याचा मार्ग लोझान येथील झ्यूल गोनँ यांनी १९२० च्या दशकात दाखविला. पुढे १९७० च्या सुमारास रॉबर्ट माखेमर यांनी डोळ्यातील काचाभ द्रव काढून आतूनच दुरुस्ती करण्याची वाट मोकळी केली. आता त्या द्रवाच्या जागी वायू भरतात. वायू वर चढतो आणि पटल असते डोळ्याच्या पाठीमागे. तेव्हा पाठ वर यावी यासाठी माणसानेच पालथे व्हायचे. निश्चलता गेली नाही, ती केवळ उलटी झाली!

दहा दिवस प्राध्यापकांचे जग म्हणजे जुन्या घराची तांबडी जमीन. परिचारिका येई आणि एकच शब्द उच्चारी, 'केळगे', म्हणजे खाली. आयुष्यभर कानडीशी शेजारधर्म पाळलेल्या माणसाला हा शब्द नवा नव्हता. पण कोणत्याही भाषेतला एखादा शब्द इतका अंगवळणी पडावा लागेल, हे त्यांस अपेक्षित नसावे. भेटीस येणाऱ्यांना ते पावलांवरून ओळखू लागले. विमानप्रवास वर्ज्य होता, कारण उंचीवर हवेचा दाब उतरतो, डोळ्यातला वायू प्रसरण पावतो आणि नेत्रदाब घातक होऊ शकतो. घरच्यांनी हवापालटासाठी नंदीदुर्गाचा बेत आखला, तोही डॉक्टरांनी मोडला. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंच आणि नंदीदुर्ग त्याहून साडेपाचशे मीटर वर. तेवढी चढणही त्या बुडबुड्यास पुरेशी होती.

वाचन नातीकडे आले. त्यांच्या हाती काम होते ते जयराम पिंड्ये यांच्या 'राधामाधवविलासचंपू'वरील टिपणांचे. शहाजीराजांच्या बंगळूरच्या दरबाराचे चित्र ज्यात सापडते तो हा ग्रंथ राजवाडे यांनी १९२२ मध्ये प्रदीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. नात कानडी शाळेत शिकलेली. देवनागरी तिला हिंदीमुळे येते. 'ळ' ती अस्सल उच्चारी, कित्येक पुणेकर मुलांहून स्वच्छ. परंतु 'चाक'मधला 'च' आणि 'चार'मधला 'च' यांत तिला भेद ऐकू येत नसे. लिपी तो दाखवीत नाही, हा दोष तिचा नव्हे. प्राध्यापक पालथ्यानेच दुरुस्ती करीत. राजवाड्यांची करारी वाक्ये असा उच्चार धारण करून आली की त्यांना हसू येई, आणि हसणेही जपूनच.

वायू विरत गेला, तशी त्यांना दृष्टीच्या तळाशी पाण्याच्या पातळीसारखी रेघ दिसू लागली. ती रोज उतरे. सहाव्या आठवड्यात रेघेच्या वर पुन्हा सावली आली. शरीर जखम भरू पाहते, त्या उत्साहात पटलावर पेशींची जाळी विणली जाते आणि ती आकसून पटलास पुन्हा ओढते. दर शंभरांपैकी पाच ते दहा रुग्णांच्या वाट्यास हे येते. यात कोणाचा अपराध शोधणे व्यर्थ आहे, तरी घरात तो काही दिवस शोधला गेलाच. कधी खोकल्यात, तर कधी एका रात्री नकळत कुशीवर वळण्यात. दुसरी शस्त्रक्रिया झाली. या वेळी वायूऐवजी सिलिकॉन तेल भरले. दाब वाढला, थेंब वाढले. सहा महिन्यांनी तेल काढले, तेव्हा पटल जागेवर होते.

दृष्टी मात्र जुनी परतली नाही. रस्त्यावरच्या कानडी पाट्या त्यांना पूर्ववत दिसतात. गोल अक्षरांत आणखी थोडी वळणे मिसळली तरी कळत नाही. पण देवनागरीचे पान उघडले की शिरोरेषा मधोमध खचलेली दिसते, आणि तिच्यास टांगलेली अक्षरे तिथेच दाटीने एकमेकांवर कलतात. नेत्रवैद्य चौकटींचा जो कागद तपासणीसाठी देतात, तेच काम या लिपीचे प्रत्येक पान करते. सुधारणा होण्याची शक्यता वर्षभर असते, असे त्यांना सांगण्यात आले आहे. ते रोज सकाळी चंपूची एकच ओळ पट्टी धरून पाहतात, रेषा किती खचली आहे ते वहीत नोंदवितात, आणि मग पुस्तक नातीपुढे सरकवतात. टिपणे कानडी पद्यांपर्यंत आली आहेत. तेथे दुरुस्ती ती करते, आणि ते ऐकतात.