चोकची कळ

बाबांची मारुती 800 ही 1994 ची. माझ्या धाकट्या बहिणीपेक्षा एका वर्षाने मोठी, म्हणून घरात तिला गमतीने 'मधली' म्हणतात. गेल्या डिसेंबरात पुण्याहून इंदूरला घरी गेलो, तो मधलीला विकायचं ठरवूनच.

कारणं तयार होती. सकाळी गाडी सुरू होत नाही. झालीच तर चौकापर्यंत जाऊन बंद पडते. मेकॅनिकने फोनवर सांगितलं होतं, "भैया, इंजन में अब दम नहीं रहा." बाबा अडुसष्ट वर्षांचे, गुडघे दुखतात. मी जाहिरातीसाठी फोटोसुद्धा काढले. बाबा वाद घालतील असं वाटलं होतं, पण ते "बघ, तुला पटेल तसं," एवढंच म्हणाले आणि पेपर वाचत बसले.

रात्री आईने खरी गोष्ट सांगितली. बाबा दर रविवारी देवासला आत्याकडे जातात. आत्या एकटी असते. गेले चार रविवार ते गेलेच नव्हते. "टॅक्सी करा म्हटलं, तर म्हणतात, टॅक्सीवाला दारात ताटकळत उभा, मग बहिणीशी बोलायचं काय!" हे मला फोनवर कोणीच सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

सकाळी उठून गाडीत बसलो. डॅशबोर्डवरची चोकची कळ बाहेर ओढलेली आणि तिला कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला! बाबा मागून म्हणाले, "कळ आपोआप आत सरकते रे, म्हणून लावलाय."

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ही कळ पाहिलीही नसेल. 2000 च्या सुमारास गाड्यांमध्ये इंजेक्शन आलं आणि ती गेली. त्याआधी पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण कार्ब्युरेटर करायचा. गरम इंजिनाला साधारण एका भाग पेट्रोलला पंधरा भाग हवा लागते, वजनाने. पण थंडीत पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते आतल्या थंड भिंतींवरच द्रवरूपात चिकटून राहतं. म्हणून सुरुवातीला हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवायचं. कळ ओढली की एक तार कार्ब्युरेटरवरची लिव्हर ओढते आणि हवेच्या तोंडावरची छोटी गोल झडप मिटते. इंजिन तापलं की कळ आत ढकलायची. विसरलात तर काळा धूर आणि काजळी धरलेले प्लग.

मी बीई झालो तो कॉम्प्युटरमध्ये. ऑफिसात कोणी "सिस्टिमच जुनी झालीय, बदलून टाका" म्हटलं, तर मी आधी लॉग दाखवायला सांगतो. इथे मात्र बॉनेटही न उघडता मी निकाल देऊन बसलो होतो.

बॉनेट उघडलं. इंजिन थंडच होतं. एअर क्लीनर काढून बाजूला ठेवला आणि बाबांना म्हटलं, "कळ ओढा." त्यांनी चिमटा काढून कळ पूर्ण ओढली. झडप जेमतेम अर्धी मिटली. "आत ढकला." पुरती उघडलीही नाही. तिसऱ्या वेळी मी झडपेऐवजी तारेकडे पाहिलं आणि हसूच आलं. चोकच्या तारेला बाहेरून एक आवरण असतं, सायकलच्या ब्रेकच्या तारेसारखं. ते क्लिपने घट्ट धरलेलं असेल तरच आतली तार लिव्हरला ओढते. इथे क्लिपचा स्क्रू ढिला होता, त्यामुळे तारेबरोबर आवरणही हलत होतं. शिवाय लिव्हरपाशी तार धरणारा स्क्रूही सैल, तार त्यातून निसटत होती. मागे कधीतरी कार्ब्युरेटर साफ करताना कोणीतरी ते नीट आवळले नसावेत. चिमट्याने कळ जागेवर राहिली होती, पण झडपेपर्यंत काही पोचतच नव्हतं.

मी सरसावून क्लिप आवळली आणि तार खेचून ताठ बांधायला लागलो. बाबा गाडीतून उतरून शेजारी आले. "इतकी ताठ नको. कळ आत ढकललेली असताना तारेला जरा ढील हवी. नाहीतर झडप कधीच पूर्ण उघडायची नाही. मग गाडी पेट्रोल पीत राहील." त्यांनी कळ दोन-तीन मिलिमीटर बाहेर ठेवली, बोटाने झडप पूर्ण उघडी धरली आणि म्हणाले, "आता आवळ. फार जोर नको, तार तुटेल." मग दोघांनी मिळून तपासलं. कळ बाहेर, झडप बंद. कळ आत, झडप उघडी. लिव्हरच्या सांध्यावर तेलाचा एक थेंब सोडला. सगळं मिळून पाऊण तास गेला, खर्च शून्य.

"तुम्हाला हे सगळं येतं, मग आधी का नाही केलंत?" मी विचारलं.

"वाकलं की गुडघा धरतो. आणि जवळचं बारीक दिसत नाही आता." थोडं थांबून म्हणाले, "तुला सांगणार होतो. पण तू विकायचंच म्हणत होतास."

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी सात वाजता कडाक्याची थंडी होती. बाबांनी कळ ओढली, किल्ली फिरवली. दुसऱ्या झटक्याला मधली सुरू झाली. मिनिटभराने कळ अर्धी आत, चौकाच्या पुढे पूर्ण आत. आम्ही छप्पन दुकानवर पोहे-जलेबी बांधून घेतली आणि देवासला निघालो. गाडी बाबाच चालवत होते. मी शेजारी बसून त्यांच्या हातांकडे, आरशाकडे, ब्रेककडे बघत होतो. सावकाश चालवतात, पण नीट चालवतात. आत्या फाटकाशीच उभी होती. "चार रविवार कुठे होतास रे?" म्हणून तिने आधी बाबांना झापलं आणि मग मला.

परत येताना बाबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग? विकायची ना?"

पंधरा वर्षं झाल्यावर गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. मधलीची 2024 मध्ये झालेली आहे.

"2029 ला बघू," मी म्हटलं.

चिमटा आईने परत दोरीवर लावला आहे.