कृष्णाकाठी सापडलेलं उत्तर

मुलांनो, आमच्या दोंडाईचात मिरचीचा ठसका नवा नाही. पण सुट्टीआधी वर्गात एका प्रश्नानंच मला ठसका लागला! जिनोआच्या पागानिनीची (१७८२–१८४०) गोष्ट सांगत होतो. हा इटलीचा जादूगार उभ्यानं, हनुवटीखाली व्हायोलिन धरून वाजवायचा. एक पोरगा म्हणाला, "गुरुजी, साहेबाचं वाद्य आपल्याला कसं येणार?"

सुट्टीत वाईला गेलो. ढोल्या गणपती पाहून कृष्णेच्या घाटावर बसलो, अन् आठवलं, व्हायोलिनवादक वि. गो. जोग १९२२ साली याच गावी जन्मले! आपले वादक मांडी घालून बसतात, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवतात. डावा हात मोकळा राहतो, मींड सरसर सरकते. बिस्मिल्ला खाँच्या सनईशी जोगांची जुगलबंदी रंगायची.

शाळा उघडली की त्या पोराला सांगणार आहे, "वाद्य तेच रे, बैठक तेवढी आपली! बस मांडी घालून."