परत आलेली मोटार

लकडगंजात सागवान घ्यायला आलेला जाणता गिऱ्हाईक ओंडक्याच्या तोंडावर आधी हातोडी मारून आवाज ऐकतो. भरीव लाकडाचा आवाज निराळा, आतून पोखरलेल्याचा निराळा. मग तो वनखात्याच्या हातोडीचा छाप शोधतो आणि वाहतुकीचा पास मागतो. छाप नसलेला ओंडका कितीही सरळ आणि स्वस्त असला तरी शहाणा वखारवाला त्याला हात लावीत नाही. कारण खटला उभा राहिला तर १९२७ चा वन कायदा असे लाकूड सरकारचेच मानून चालतो, आणि ते तसे नाही हे सिद्ध करण्याची पाळी आपल्यावर येते.

माझे घर या वखारींच्या मागच्या गल्लीत आहे. आऱ्याच्या आवाजात मी दोन कादंबऱ्या लिहिल्या आणि तिसरी त्याच आवाजाला दोष देऊन अर्धवट टाकली. लाकडाची पारख मात्र मला आली नाही. तेव्हा यंदाच्या श्रावणात माझा भाचा सकाळीच येऊन म्हणाला, "मामा, एक गाडी पाह्यली. तुम्ही चला ना पाहायला," तेव्हा मला हसूच आले. मला सायकलची चेन बसवता येत नाही, हे त्याला ठाऊक आहे.

"गाडी मिस्त्री पाहीन," तो म्हणाला. "तुम्ही कागद पाहा. चोरीतून वापस आलेली आहे."

मोटार एका वखारीच्या मागच्या शेडमध्ये, फळ्यांच्या थप्पीला टेकून उभी होती. अशी मोटार मी पूर्वी फक्त चित्रात पाहिली होती. सॅन स्टॉर्म तिचे नाव. गेल्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत गोव्यातल्या एका लहानशा कारखान्याने स्पोर्ट्‌स कार बांधण्याचे धाडस केले, त्याची ही निशाणी. अंग फायबरचे, आसने दोनच, इंजिन फ्रान्सच्या रेनो कंपनीचे, ११४९ सी.सी.चे. त्याची शक्ती साठ घोड्यांच्या आसपास, म्हणजे आज साध्या घरगुती मोटारीतही जेवढी असते तेवढीच. पण मोटार जमिनीला इतकी लगटून बसलेली की उभ्या जागी पळत असल्यासारखी दिसे. तिच्याकडे पाहताना भाच्याचा चेहरा पाहिला आणि मिस्त्रीने आता काहीही सांगितले तरी उपयोग नाही हे मी ओळखले.

दलाल १,३०,००० रुपये सांगत होता. हे पैसे कुठून यायचे ते मला माहीत होते. भाऊजी गेल्यावर जे आले ते बहिणीने बँकेत ठेवले आहे; त्या ठेवीला आजवर कोणी हात लावलेला नाही. दोन आसनांची गाडी म्हटल्यावर तिने पोराला एवढेच विचारले होते, "अन् तुझं लग्न झाल्यावर मी कुठं बसू?" त्याने ते हसण्यावारी नेले. मला ते हसण्यावारी नेता येईना.

मिस्त्री कमी बोलणारा माणूस. त्याने बॉनेट उघडण्यापूर्वी खिशातून कागद आणि शिसपेन्सिल काढली, चेसिसवरच्या नंबरावर कागद दाबला आणि वरून पेन्सिल घासली. नाण्यावर कागद ठेवून माझ्या वर्गातली पोरे राजमुद्रा उमटवतात, अगदी तसेच. नंबर उमटला. आकडे एका ओळीत, एका खोलीचे, कुठे घासल्याची खूण नाही. इंजिनाचा नंबरही पुस्तकाशी जुळला. "ओरिजिनल आहे जी," तो म्हणाला. हा त्या मोटारीचा हातोडीचा छाप. चोर पहिला हात यावरच चालवतो. तो शाबूत असेल तर मोटार निदान तीच आहे एवढे ठरते.

मग त्याने बोटांच्या पेरांनी अंगावर टकटक करायला सुरुवात केली. फायबर गंजत नाही, पण तडकते. तडा पुटीने भरला की आवाज बद्द येतो. डाव्या दरवाज्याच्या बिजागरीशी आणि मागच्या चाकावर तसा आवाज आला. खाली लोखंडी सांगाडा. पोलीस ठाण्याच्या उघड्या आवारात अशा मोटारी पावसाळे काढतात, आणि वरून फायबर चकचकीत दिसत असताना खालचे लोखंड मुकाट्याने गंजत असते. मिस्त्रीने स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहिला; एका जागी तो सहज आत गेला. टाकीतल्या पेट्रोलला वॉर्निशसारखा वास. वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. किल्लीचे कुलूप फोडून नवे बसवलेले. उभ्या उभ्या टायर एका बाजूने चपटे झालेले.

"चोर गाडी गरम व्हायची वाट पाहत नाही," मिस्त्री म्हणाला. "स्टार्ट केली का पळवली. इंजिन खोलल्याबिगर काही सांगता येत नाही. साठ-सत्तर हजार धरून चाला. अन् पार्ट भेटले तर." हे शेवटचे वाक्य खरे महागाचे होते. ज्या मोटारी बनणे कधीच बंद झाले, त्यांचा एक आरसा फुटला तरी देशभर फोन करावे लागतात.

निघताना त्याने दरवाज्याचे रबर जरा उचलून मला दाखवले. खाली पिवळा रंग होता. मोटार काळी होती. पुस्तकात रंग पिवळाच लिहिलेला.

आता माझी पाळी. दलालाने प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढले. मोटार २००२ ची. पंधरा वर्षे पुरी झाल्यावर आणि त्यानंतरही नूतनीकरण झालेले. पुढचे २०२७ मध्ये येणार, आणि वीस वर्षांवरच्या मोटारीला आता त्याची फी १०,००० रुपये आहे. मालकाच्या सह्या असलेले नमुना २९ आणि नमुना ३०, दोन्हीवर तारखेची जागा कोरी. चोरी नोव्हेंबर २०२२ ची, त्याची फिर्याद. सापडली ऑक्टोबर २०२३ मध्ये, छिंदवाड्याच्या बाजूला. आणि जानेवारी २०२४ चा न्यायालयाचा हुकूम.

मी आधी विमा पाहिला. चोरीचे पैसे विमा कंपनीने दिले असतील तर मोटारीवर हक्क कंपनीचा. मग मालकाच्या सहीला अर्थ उरत नाही. ज्याच्याकडे हक्कच नाही तो दुसऱ्याला हक्क विकू शकत नाही, हे १९३० च्या मालविक्री कायद्याने सांगून ठेवलेले आहे. पण इथे विमा फक्त तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरता होता. चोरीचे कोणालाच काही मिळाले नव्हते. तेव्हा मालक मालकच होता.

कायद्यात एक गोष्ट आहे, ती मला फार माणुसकीची वाटते. चोरीचा माल योग्य मालकाच्या हाती परत आला की तो चोरीचा माल राहत नाही. जुन्या दंडसंहितेत हे ४१० व्या कलमात होते, नव्या न्यायसंहितेत ३१७ व्या कलमात आहे. म्हणजे वस्तूला लागलेला डाग घरी आल्यावर धुतला जातो. मी मनात म्हटले, पोराचे नशीब बरे दिसते.

आणि हुकूमाचे दुसरे पान उलटले.

मोटार मालकाला सुपूर्दनाम्यावर दिलेली होती, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४५७ व्या कलमाखाली. बंधपत्रात अटी होत्या: खटल्याचा निकाल लागेपर्यंत मोटार विकायची नाही, कोणाच्या नावे करायची नाही, रंगरूप बदलायचे नाही, न्यायालय म्हणेल तेव्हा हजर करायची. घरी आली होती, पण सुटून आलेली नव्हती, जामिनावर होती.

"हे सगळ्याच ऑर्डरमध्ये लिहून असते, गुरुजी," दलाल म्हणाला. "कोणी वाचत नाही."

तो खोटे बोलत नव्हता. जप्त मोटारी ठाण्यात कुजवत ठेवू नका, फोटो आणि पंचनामा करून लवकर सोडा, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई यांच्या खटल्यात २००२ सालीच सांगितले. तरी कोणत्याही ठाण्याच्या आवारात मोटारसायकलींवर वेली चढलेल्या दिसतात. तारखा पडत राहतात. माणसे कंटाळून विकून टाकतात.

संध्याकाळी मी मालकाला फोन केला. वयस्क गृहस्थ, आवाज थकलेला. मोटार मुलाच्या हौसेची. मुलगा परदेशी गेला. विकायला बंदी आहे हे त्यांना माहीत होते काय, असे मी विचारले. ते जरा थांबले. "वकिलानं सांगितलं होतं. दलाल म्हणाला, काही होत नाही. मला ती दारात नको होती." मग आपण होऊनच सांगू लागले, "वापस आणली त्या दिवशी पाहायला गेलो. शिटाखाली लहान मुलाची चप्पल होती. एकच. आमच्या घरात तेवढं लहान कोणीच नाही."

यावर काय बोलावे ते मला सुचेना. त्या अकरा महिन्यांत मोटार कोणाच्या तरी घरची झाली होती. पंचनाम्यात चप्पल नव्हती.

भाच्याला मी सरळ सांगितले: एक लाख तीस हजारांची वस्तू तुला दोन लाखांच्या घरात पडेल, ते मी एक वेळ समजू शकतो, हौसेला मोल नसते. पण उद्या साहेबांनी मोटार बोलावली तर ती तुझ्या दारातून जाईल, आणि पैसे मागायला तू जाशील त्या दारी हा म्हातारा असेल. न्यायालयाची परवानगी येईपर्यंत एक रुपया द्यायचा नाही. तो म्हणाला, "मामा, तुम्हाले गाडीतलं काही समजत नाही." हे मी आधीच मान्य केले होते. राखी पौर्णिमेला तो आईला सोडायला आला, पण गल्लीच्या तोंडाशीच थांबला.

परवानगीचा अर्ज त्या गृहस्थांच्या वकिलाने दिला आहे. मसुदा मी वाचून पाहिला. रंगाचा कबुलीजबाबही त्यात आहे. पुढची तारीख डिसेंबरात. दलालाने मधल्या काळात दोन गिऱ्हाइके दाखवली, दोन्ही कागद मागून परत गेली, असे वखारवाला सांगतो.

परवा शाळेतून येताना त्या शेडवरून गेलो. परतीचा पाऊस दोन दिवस लागून होता. मोटारीवर कोणीतरी नवी ताडपत्री टाकून चारी बाजूंनी सुतळीने नीट आवळली होती. कोणी टाकली, हे मी वखारवाल्याला विचारले नाही.